भोपळ्याचा घेर

आमच्या गावातून पुण्याला लोक जायचे ते तीन कामांसाठी. मार्केट यार्डात माल घालायला, दवाखान्याला, नाहीतर कामाला लागलेल्या पोराकडं. गाणं ऐकायला पुण्याला गेलेला माणूस गावानं पाहिला नव्हता. १९९४ च्या डिसेंबरात आम्ही चौघं गेलो तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं?" लगीन नाही, गाणं हाय, म्हटल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग इथं काय तोंडाला कुलूप हाय का?"

त्याचंही खरं होतं. पंढरपुराच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावरचं आमचं गाव. एकादशीला भजन, सप्त्यात कीर्तन, आषाढीला दिंड्या, वर्षातले चार महिने कानावर टाळ असायचाच. पण आमच्या गावाचं गाण्याशी याहून एक निराळं नातं होतं आणि ते कुणाच्या ध्यानात नसायचं. ते नातं मळईत वेलीला लोंबत असायचं.

आमचे आबा भोपळा लावायचे. भाजीचा नव्हे, तंबोऱ्याचा. कडू जहर. गुरं तोंड लावत नाहीत, माणसानं चाखला तर दिवसभर थुंकत बसावं. आमच्या भागात, भीमेच्या काठानं पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात आणि मिरजेचे लोक येऊन ते घेऊन जातात. नदीच्या गाळाची वीस गुंठे मळई आमच्या वाट्याची. पहिल्या पावसावर आळी करून बी टोचायचं. फळ धरलं की खरं काम सुरू. भोपळा आडवा पडला तर एका अंगानं चपटा होतो, म्हणून आबा प्रत्येक फळाखाली पाचट घालून त्याला उभं बसवायचे. मूल पाळण्यात नीट निजवावं तसं. दर दोन-चार दिवसांनी बघायचं, कललं असेल तर सरळ करायचं. थंडीत वेल वाळला तरी फळ तोडायचं नाही, वेलीवरच पिकू द्यायचं. मग तोडून उन्हाळाभर वाळवायचं. आतलं बी खुळखुळायला लागलं की समजायचं झालं.

मिरजेचा व्यापारी आला की आधी बोटानं टिचकी मारायचा, मग फीत काढून घेर मोजायचा. मर्दानी तंबोऱ्याला, म्हणजे पुरुषाच्या आवाजाच्या तंबोऱ्याला, पन्नास इंचांच्या पुढचा घेर लागतो, जनानीला कमी. आबांना फितीतले आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी आपली एक सुतळी केली होती. तिला दोन गाठी, एक जनानीची, एक मर्दानीची. सुतळी कोपरीच्या खिशात कायम.

मिरजेला या भोपळ्याचं काय होतं ते मला पुढं कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतल्या शिकलगारांच्या घरात तंबोरा-सतारी करण्याचं काम सुरू झालं. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचं गिऱ्हाईक संपलं. फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं वाद्यं दुरुस्त करता करता स्वतः करायला घेतली आणि मिरज संस्थानच्या पटवर्धनांनी आश्रय दिला. भोपळा भिजवून मऊ करायचा, कापून तोंड करायचं, त्यावर तुनीच्या लाकडाची तबकडी आणि दांडी बसवायची, घोडीवर तारा चढवायच्या. तारेखाली दोऱ्याचा एक बारका तुकडा सरकवतात, त्याला 'जीव' म्हणतात. तो जागेवर बसला की तार बोलते. आता २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पेपरात फोटो आला होता. फोटोत भोपळा दिसत होता, पण तो कुणाच्या शेतातला हे कोण लिहिणार!

तर १९९४ सालची गोष्ट. उजनीचं धरण होऊन चौदा वर्षं झाली होती. कालव्याचं आणि नदीचं पाणी बारमाही झालं, साखर कारखाने उभे राहिले, आणि आमच्या काठाला उसानं पार वेढून टाकलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी भोपळा मोडला. मोडणारच. भोपळा वर्षभर जागा अडवणार, शंभर फळांतली चाळीस व्यापारी नाकारणार, पैसा कधी येईल याचा भरवसा नाही. उसाला तोड आली की बिल ठरलेलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, बारावी होऊन शेतात उतरलेला, डोक्यात हिशेब. मी आबांना न विचारता मळईतल्या सुरू उसाची नोंद कारखान्याच्या शेतकी गटात करून आलो होतो. फेब्रुवारीत लागण करायची, म्हणजे त्याआधी भोपळा काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही.

आबांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "नोंदलास? बरं." आणि मळईत जाऊन फळं सरळ करत बसले. घरात महिनाभर असं चाललं होतं. मी बोलायचो आईशी, ते बोलायचे आईशी, आणि आई बोलायची चुलीशी.

पुण्याला जायचं काढलं ते मास्तरांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर मूळचे मिरजेकडचे. त्यांच्या खोलीत रेडिओ आणि कॅसेटचा डबा. दुसरा आमच्या भजनातला पेटीवाला. त्याची बोटं चांगली, पण सगळं ऐकून शिकलेलं. तिसरा वडापची जीप चालवणारा. पंढरपूर-मंगळवेढा रस्त्यावर नऊ माणसांच्या जागेत सतरा बसवण्यात त्याचा हातखंडा. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण शनिवार-रविवार गाडी रिकामी नेऊ म्हणाला, डिझेल तेवढं वाटून घ्या. आणि चौथा मी. मी का निघालो? खरं सांगायचं तर घरातल्या त्या गप्पपणाला कंटाळून.

शनिवारी दुपारी जीप आमच्या वस्तीच्या रस्त्याला आली. आबा रस्त्यापर्यंत आले. त्यांच्या खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गठुडं, त्यात शेंगाचटणी आणि झुणका. घोंगडी माझ्याकडं दिली. "रातीचं थंडी आसंल. मांडवात बसायचं म्हणं." मग खिशातली सुतळी काढली. "जमलं तर बग. तितं तंबोरं आसत्यात. घेर किती हाय बग, आपल्या गाठीला बसतोय का."

मी सुतळी घेतली, पण मला लाज वाटली. मित्रांसमोर वाटली. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या गाण्यात सुतळी घेऊन भोपळा मोजत फिरायचं म्हणजे काय!

जीपमध्ये आम्ही चौघं. मागचे दोन्ही बाक मोकळे. आबा गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले, "लई जागा हाय की गाडीत," म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "आज मालक हाव आबा, शिटा मोजायच्या न्हाईत." सगळे हसलो. आबाही हसले. मग त्यांनी हात काढला आणि जीप निघाली. त्यांच्या अंगावर एकादशीला नेसायचं पांढरं धोतर होतं हे मी पाहिलं होतं. पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

पंढरपूरहून टेंभुर्णीला येऊन सोलापूर-पुणे रस्ता धरला. तेव्हा हा रस्ता एकेरीच होता. समोरून ट्रक आला की एक चाक मातीत. टेंभुर्णीच्या पुढं इंदापूर, मग भिगवण. भिगवणला उजनीचं मागचं पाणी रस्त्याला येऊन भिडतं. तिथं मासे तळणारी हॉटेलं आणि हिवाळ्यात पाण्यात लांब पायांचे पक्षी. तिथंच आमच्या गाडीचा फॅनबेल्ट तुटला. दीड तास गेला. मास्तर रस्त्याच्या कडेला घोंगडी टाकून बसले आणि आम्हाला 'सवाई' म्हणजे काय ते सांगू लागले. पुढं मी जे थोडंफार वाचलं त्याची सुरुवात तिथली.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. धारवाडजवळच्या कुंदगोळचे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. नाटकात बायकांची कामं करायचे, गाणी गाजवायचे. बालगंधर्वांच्या काळात लोकांनी त्यांना सव्वापट ठरवून 'सवाई गंधर्व' केलं. अर्धांगाच्या झटक्यानं गाणं थांबलं आणि १९५२ साली ते गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गदगच्या या पोरानं अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडलं, बिनतिकीट रेल्वेनं उत्तरेकडं भटकला, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असं करत करत. जालंधरला विनायकराव पटवर्धन भेटले आणि म्हणाले, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला रामभाऊ असताना तू इकडं कशाला? मग तो परत आला. गुरूच्या घरी घागरींनी पाणी भरलं आणि शिकला.

"म्हणजे विठोबा पंढरपुरात आणि हा काशीला गेलता," पेटीवाला म्हणाला.

गुरू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९५३ ला, भीमसेनांनी पुण्यात गुरूच्या नावानं हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. सुरुवातीला लहान होता, मग वाढत गेला. तेव्हा तो तीन रात्रींचा असायचा, रात्री सुरू होऊन सकाळपर्यंत. गवयाला उतारा मिळत नाही असे अवघड राग, रात्रीचे आणि पहाटेचे, त्यांच्या वेळेला तिथं ऐकायला मिळत. पुढं २००० साली आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला, आणि सगळी रात्र गाण्यात काढायची ती रीत मोडली. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या डीजेनं माझंही काळीज हललं आहे. पण आम्ही रात्रीचा 'सवाई' पाहिला, ते बरं झालं.

"आणि भीमसेन स्वतः गाडी चालवतात," मास्तर म्हणाले. "गाणं संपवून रात्रभर गाडी हाकत दुसऱ्या गावाला."

इथं मात्र आमचा ड्रायव्हर सावध झाला. "कोंची गाडी?" मास्तरांना गाडीचं नाव सांगता येईना. ड्रायव्हर म्हणाला, "मग तुमाला गाण्यातलं तरी काय म्हाईत!"

बेल्ट बसला. पाटस, यवत, लोणी करत हडपसरला दिवे लागले. शनिवार पेठेत रमणबागेच्या शाळेपाशी गाडी लावायला जागा नव्हती. नदीपात्राच्या कडेला लावली. ड्रायव्हर गाडीतच झोपतो म्हणत होता, पण ओढून नेला.

आत गेलो आणि मी हबकलो. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी एकत्र पाहिली नव्हती. पंढरपुरात माणसं पाहिली होती, पण तिथं गलका असतो. इथं मांडवभर सतरंज्या, त्यावर शाली-स्वेटर घालून बसलेली हजारो माणसं, मागं खुर्च्या, कुणाजवळ थर्मास, कुणाजवळ लोकरीचं विणकाम. चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीखाली ठेवलेल्या. बाहेर वड्याचा आणि चहाचा वास. आमच्या घोंगडीकडं एक-दोघांनी पाहिलं. मध्यरात्र उलटल्यावर मात्र शेजारच्या एका आजोबांनीच विचारलं, "जरा पायावर घेऊ का हो?" मग ती घोंगडी आमच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या पायांवर मिळून सकाळपर्यंत होती.

सगळं कळलं असं मी म्हणत नाही. रात्री एकाच्या सुमारास मला पेंग आली, तीनला ड्रायव्हर घोरत होता, आणि त्याच्या घोरण्याला समोरच्या बाईंनी मागं वळून इतक्या सभ्यपणानं 'श्श' केलं की मास्तर कितीतरी दिवस तसं करून दाखवायचे. कळलं नाही तरी एक गोष्ट मी रात्रभर ऐकत होतो. गवई बदलत होते, तबला-पेटीवाले बदलत होते, एक आवाज मात्र बदलत नव्हता. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून तो असायचा आणि गाणं संपल्यावर टाळ्यांच्या खालून पुन्हा वर यायचा. गवयाच्या मागं दोन पोरं मांडी घालून तंबोरे उभे धरून बसलेली. ना तोंड उघडायचं, ना हालायचं; चार तारा एकामागून एक, पुन्हा पहिल्यापासून. मांडवातली माणसं त्या पोरांकडं बघतही नव्हती. मला मात्र लांबून दिव्यांत त्या दोन गोल फुगीर पाठी चमकताना दिसत होत्या. पाचटावर उभ्या बसवलेल्या. मला एकदम मळई दिसली.

पहाटे गुरूघराण्याची माणसं बसायची, ही तिथली वहिवाट. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही भीमसेनांची गुरुभावंडं. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जाऊन शिकलेल्या. बाईचा आवाज असा भरदार असू शकतो हे तिथवर आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. दस्तूर पारशी, लहानपणी सिनेमात काम केलेले. तेही कुंदगोळच्याच परंपरेत. एक ब्राह्मण, एक पारशी, एक देवदासींच्या कुळातली बाई, या सगळ्यांचा गुरू एक, आणि त्या गुरूचा गुरू एक मुसलमान खाँसाहेब. आमच्या गावात पाणवठ्यावरून त्या काळीही कुरबूर होती, म्हणून हे माझ्या मनात राहिलं.

शेवटी भीमसेन आले. आमच्या भागात त्यांचा आवाज घराघरांतला. पंढरपुरात ज्या माणसानं त्यांचे अभंग ऐकले नाहीत असा माणूस शोधून सापडणार नाही. आबांना गाण्यातलं काही कळत नसे, पण रेडिओवर हा आवाज लागला की हातातलं काम थांबवून म्हणायचे, "ह्यो बाबा आपल्या भोपळ्यावर गातोय." आम्ही हसायचो. भीमसेनांनी डोळे मिटले आणि हात वर नेला. पुढचा वेळ किती गेला सांगता यायचं नाही. पेटीवाला रडत होता. ड्रायव्हर जागा झाला होता आणि घोंगडी सावरून ताठ बसला होता.

सगळं आटपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. ही तिथली प्रथा. खरखरीत, लांबून आल्यासारखा आवाज. आणि एवढी माणसं त्या आवाजासमोर हलत नव्हती. ज्याच्या नावानं सगळं, तो शेवटी येऊन गाऊन जातो.

मांडव रिकामा होऊ लागला तेव्हा पेटीवाल्यानं माझ्या खिशाकडं बोट केलं. "सुतळी?" मी म्हटलं, जाऊ दे. तो ऐकेना. भजनातला माणूस तो. देवळाच्या मागच्या दारानं आत कसं जायचं त्याला बरोबर माहीत. स्टेजच्या मागं एक विशीतला पोरगा तंबोऱ्याला गवसणी घालत होता. पेटीवाल्यानं सरळ सांगितलं, "ह्यांच्या घरी तंबोऱ्याचा भोपळा पिकतो. जरा मोजू द्या." मला वाटलं हाकलून देईल. पोरगं हसलं आणि गवसणी खाली ओढली. "मोजा की. मिरजेचा आहे."

मी सुतळी गुंडाळली. मर्दानीच्या गाठीच्या दोन बोटं पुढं गेली. हात भोपळ्याला लागला तेव्हा तार कुणी छेडलेली नव्हती, पण कुणीतरी पलीकडं मोठ्यानं बोललं आणि भोपळा माझ्या तळहाताखाली थरथरला. घरी शेकडो भोपळे मी उचलले होते. असा थरथरलेला एकही नव्हता.

परत येताना मास्तरांनी गाडीत अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. उत्तरेतल्या किराण्याचा हा माणूस. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, नंतर मिरजेला स्थायिक झाले. गाण्याइतकाच वाद्य दुरुस्तीत हात. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला निघाले असता वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घालायला सांगितलं, तंबोरा जुळवून घेतला, ईश्वराचं नाव घेत गायले, आणि तिथंच गेले. देह मिरजेला आणला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरसात तिथं अजून गवई हजेरी लावतात.

"तो तंबोरा कुठल्या भोपळ्याचा असेल?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "मिरजेच्याच माणसाचा असणार. म्हणजे भोपळा तुमच्याकडचाच की." हे मास्तरांचं आपलं अनुमान; पुरावा काही नाही. पण मी ते घट्ट धरून घरी आलो.

रात्री दहाला पोचलो. आबा अंगणात बाजेवर जागे होते. मी सुतळी हातात दिली आणि म्हटलं, "आबा, गाठीच्या दोन बोटं म्होरं." महिनाभरानंतर त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. आबांनी कंदील जवळ घेतला. दोन बोटं मोजून तिथं तिसरी गाठ मारली. मग सगळं विचारून घेतलं. तंबोरा कोण धरतं, उभा धरतात का आडवा, वाजवताना भोपळा कशावर टेकतात, रंग कसला देतात. मी सांगत होतो. बोलता बोलता म्हणाले, "वाजतो कसा?"

हे मला सांगता येईना. बारावी शिकलेला मी, शब्द शोधत बसलो. शेवटी म्हणालो, "भुंग्यागत." आबा म्हणाले, "आसंल."

दुसऱ्या दिवशी आई भांडी घासता घासता बोलली. "धोतर धुवून घेतलं हुतं त्यांनी. परटाकनं सदऱ्याला इस्त्री बी करून आणली. म्हणलं, पोरगं म्हणंल, चला आबा. तर तू न्हाई म्हणलास." मी म्हटलं, मला कुठं माहीत होतं! आई म्हणाली, "गाडीत जागा हुती म्हणं."

आबांना पुढच्या वर्षी न्यायचं असं मी ठरवलं. ठरवलं आणि फेब्रुवारीत मळईत ऊसही लावला. दोन्ही मीच केलं. वीस गुंठ्यांतले दोन गुंठे विहिरीच्या बांधाकडंला आबांसाठी सोडले. तेवढ्यात त्यांनी बारा-पंधरा आळी केली. पुढच्या डिसेंबरात उसाची तोड नेमकी त्याच आठवड्यात आली आणि जाणं राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी आबांचा डावा हात आणि पाय गेला. सवाई गंधर्वांनाही अर्धांगच झालं होतं हे मला तेव्हा आठवायचं आणि नको वाटायचं. मास्तरांनी एक कॅसेट आणून दिली होती. एका बाजूला नुसता तंबोरा, गाणं नाही, सरावाची. आबा ती लावायला सांगायचे. घरातल्या बायकांना वाटे यंत्र बिघडलंय. १९९७ च्या श्रावणात आबा गेले. दोन गुंठ्यांतही ऊस आला.

भीमसेन जोशी गेले ते २०११ च्या जानेवारीत. त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. २०१८ पासून तो रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. मी मधल्या काळात तीन-चार वेळा गेलो. २०२२ ला, कोरोनानंतर पहिल्यांदा भरला तेव्हा, मुलाच्या मोटारीतून गेलो. आता रस्ता चौपदरी, चार तासांत पुणे. मोठे पडदे लावलेले. त्यावर तंबोऱ्याचा भोपळा एवढा जवळ दिसतो की सुतळी लागायची नाही. मुलाला मी सुतळीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग बी कुठाय?"

बी होतं. माळ्यावर एका फुटक्या भोपळ्यात आबांनी राखेत घालून ठेवलेलं. २०२३ च्या पावसाळ्यात विहिरीच्या बांधाला आम्ही चाळीस बिया टोचल्या. एकही उगवली नाही. सव्वीस वर्षांचं बी, उगवायचं कसं! मग नदीपलीकडं एका पाहुण्याकडं अजून भोपळा आहे असं कळलं. त्याच्याकडून मूठभर आणलं, ते उगवलं. अकरा फळं धरली. पाचट घालून उभी बसवायला मीच जायचो, गुडघे धरतात तरी. उन्हाळ्यानंतर मिरजेहून माणूस आला, पूर्वीच्या व्यापाऱ्याचा नातू. टिचकी मारून, फीत लावून त्यानं अकरातली सात घेतली. चार नाकारली, एका अंगानं बसकी होती.

मी सुतळी काढून त्या सातांना लावून पाहिली. सहा पहिल्या आणि दुसऱ्या गाठीच्या मधे. एक बरोबर दुसऱ्या गाठीवर. तिसऱ्या गाठीपर्यंत कुठलंच पोचलं नाही.